खिशातला उजवा हात

खिशाची कड... एकच रेघ, मधोमध किंचित झोळ पडलेली, आणि ती तिच्या हातात इतकी बसली होती की डोळे मिटूनही काढता आली असती. चार वर्षं ती ही कार्टून मालिका काढत होती, एकशे सहा भाग, आणि प्रत्येक भागात कुलूपकाकू दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून जिन्यात उभी. इमारतीतल्या मुलांवर खेकसायची, चेंडू जप्त करायची. म्हणजे पुढच्या दृश्यात चेंडू तिच्या कपाटात असायचा, उचलताना ती कधी दिसायची नाही. बघणाऱ्या मुलांना तो तिचा तोरा वाटे. खरं कारण साधं होतं. हात काढायला वेळ लागतो; खिसा काढला की भागतं.

आणि आता एकशे सातव्या भागात लेखिकेनं लिहिलं होतं: कुलूपकाकू आजारी मुलीच्या दाराशी येते. हात खिशातून बाहेर काढते. जप्त केलेला चेंडू पायपुसण्यावर ठेवते. दार न वाजवता परत फिरते. अकरा सेकंद, संवाद नाही.

"पाचपर्यंत हात पाहिजेत," दिग्दर्शक सकाळी तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "नाहीतर नुसता चेहरा घेतो. डोळ्यांत पाणी आणून टाकू, झालं."

डोळ्यांत पाणी... चार वर्षं सांभाळलेल्या बाईच्या, तेही वेळ पुरला नाही म्हणून. तेव्हापासून तिनं कितीतरी हात काढले आणि पुसले, जाड, हाडकुळे, नीटस, सगळे कुणाचे ना कुणाचे, कुलूपकाकूचे नव्हेत. ही बाई तिनं आपल्या मावशीवरून घडवली होती. हे तिनं स्टुडिओत कुणाला सांगितलं नव्हतं, मावशीला तर नाहीच. ती हनुवटी, वाक्याच्या शेवटी वर चढणारा आवाज... म्हणजे हातही मावशीचे. सोपं आहे. पाचव्या वर्षापासून मला तिनंच वाढवलं, इस्पितळाच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरींच्या घड्या घालून आल्यावर. तिचे हात—

आणि तिथं काहीच नव्हतं. वेणी आठवली, डोळ्यांच्या कडा ताणणारी. पण वेणी घालणारे हात पाठीमागे होते. तापात कपाळावरची गार, ओली घडी आठवली. पण डोळे मिटलेले होते. ताट पुढ्यात सरकलेलं असे, गणवेशाचं बटण लागलेलं असे. कामं सगळी आठवत होती, झालेली, आवरलेली... ती करताना कुणी दिसत नव्हतं. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखालच्या खोडाचा छेद काढताना वनस्पतिशास्त्राच्या बाई मागून म्हणायच्या, दिसतं तेवढंच काढा, ठाऊक आहे ते नको. ती तेव्हा वर्गात पहिली यायची.

जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन लावला.

"मावशी, तुझे हात कसे आहेत गं?"

"दोन आहेत. का?"

"फोटो पाठव ना. कामासाठी हवाय."

"दोन्हींचा? मग फोन काय नाकानं धरू?"

"एकाचाच पाठव."

"त्या खवट बाईला लावणार असशील माझा हात. बघते मी दर शनिवारी. अगदी माझ्यासारखी बोलते मेली."

"चार वर्षांत कधी म्हणाली नाहीस."

"तू तरी कुठं म्हणालीस?"

"...चारच बोटं असतात तिथं सगळ्यांना. काम वाचतं."

"मग करंगळीशेजारचं वगळ. वाकडं झालंय ते."

"कधी?"

"झाली की वीस वर्षं."

वीस वर्षांपूर्वी ती त्याच घरात, त्याच टेबलावर समोर बसून जेवत होती.

फोटो आला. डावा हात, टेबलावर, डॉक्टरांना दाखवावा तसा बोटं फाकवून ठेवलेला. थोडा पुसट होता, पण पेराशी वळलेलं ते बोट स्पष्ट दिसत होतं. तिनं ते ठेवलं आणि मधलं वगळलं. मग हात भराभर उतरत गेला: आधी मनगट, मग उंच हाडं, मग चेंडूवर हलकेच टेकणारी ती चार बोटं. तीन वाजता दिग्दर्शक खुर्चीमागे येऊन थांबला, आणि बराच वेळ थांबला.

"हा हात आहे," तो म्हणाला. "उजवा कुठाय?"

"उजवा मी पाहिला नाही."

"पाहायचाय काय त्यात? हाच उलटा करून टाक. अर्ध्या मिनिटाचं काम."

ते खरंच अर्ध्या मिनिटाचं काम होतं. सगळेच तसं करतात, तिनंही शेकडो वेळा केलं होतं. फक्त एकदा खात्री करावी म्हणून तिनं फोटो पुन्हा उघडला, मोठा केला... पुसट. हात हलला असेल, असं दुपारी वाटलं होतं. पण हात हलला असता तर हातच पुसट झाला असता. इथं टेबलाची कडही पुसट होती. टेबलावरचा चमचाही. सगळं एकाच दिशेनं, सारखंच. म्हणजे डावा हात स्थिर होता, टेबल स्थिर होतं... हलला तो फोन. फोन धरणारा उजवा हात.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा चहाचा कप आधीच टेबलावर भरून ठेवलेला होता. मी म्हटलं होतं, मावशी, आता अगदी हॉटेलसारखी तयारी. ती हसली होती. हात तेव्हा कुठं होते... पदराआड? मांडीवर?

पाचला दहा मिनिटं असताना तिनं दृश्य पाठवलं. उजवा हात खिशातच होता. मात्र त्या खिशाची कड तिनं दोनदा काढली होती, केसभर फरकानं, एकाआड एक चौकटीत येतील अशी.

दिग्दर्शकानं दृश्य लावलं, पुन्हा लावलं.

"खिसा हलतोय."

"हो."

"लिहिलंय का तसं?"

"नाही."

तो आणखी काही विचारील म्हणून ती थांबली. त्यानं तिसऱ्यांदा दृश्य लावलं. फोन तिच्या मांडीवर होता. फोन करून हाताचं विचारलं तर मावशी म्हणेल, दोन आहेत, का... आणि तो चढा आवाज ऐकून नेहमीसारखं हसू येईल, आणि ठेवून देऊ आपण फोन. पडद्यावर कुलूपकाकू चेंडू ठेवत होती. तिची स्वतःची नजर मात्र खिशाच्या कडेवर होती. चार वर्षं काढलेली ती रेघ आता डोळे मिटून काढता आली नसती.