बाहेरून लावलेली जाळी

दादाला फिल्टरमधलं काय कळतं ते सगळ्या कारखान्याला माहीत आहे. पण झाकण उघडून आत टॉर्च मारला तेव्हा दिसलं ते माझ्याही कल्पनेपलीकडचं होतं.

आमच्याकडे शिजवायची टाकी एकच. तिच्यात रेझिन, म्हणजे चिकट कृत्रिम राळ, तयार होतं, खालून फिल्टरमधून जातं आणि पिंपांत भरलं जातं. वेळेत काढलं नाही तर टाकीतच दगड होऊन बसतं. मग टाकी भंगारात आणि दादा, वहिनी, मी, आम्ही तिघं रस्त्यावर.

फिल्टर तसा दणकट. जाड पोलादी भांडं, बाजूला पाडता येणारे बोल्ट, आत भोकांच्या पत्र्याची टोपली. रेझिन टोपलीत वरून पडतं आणि भोकांतून बाहेर जातं, म्हणून बारीक जाळी पत्र्याच्या आतून बसवायची. दाब आला की पत्रा तिला सांभाळतो. दादाने ती बाहेरून गुंडाळली होती. धुवायला सोपी जाते म्हणे! दाबाने जाळी फुगली आणि भांड्याला घट्ट चिकटून बसली. टोपली हलेना, रेझिन पुढे सरकेना.

"चेन लाव, ओढू," दादा म्हणाला. ओढलं. टोपलीची कडी तेवढी तुटून वर आली.

"अहो, मोटर जड चाललीय!" वहिनी वरून ओरडली. ढवळणं तिच्याकडे होतं. "थंड पाणी पूर्ण सोडलंय, तरी टाकी तापतेच आहे!"

"दादा, फिल्टरच्या अलीकडचा, टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह उघडते. सगळं जमिनीवर जाऊ दे."

"डोकं फिरलंय का तुझं? एवढा माल मातीत घालू?" तो व्हॉल्व्हच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "छिन्नी दे. जाळी फाडून काढतो."

"माल पुन्हा शिजवता येईल. टाकी कुठून आणणार आहेस?"

"दोन मिनिटं दे गं मला. फक्त दोन."

त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मला त्याची कीव आली आणि तितकाच संताप. मी त्याला कॉलर धरून ओढलं, त्याने माझे हात झटकले. केस पांढरे झालेले आम्ही दोघं भाऊबहीण, लहान पोरांसारखे एकमेकांना ढकलत होतो.

"भांडताय काय!" वहिनीचा आवाज चिरकला. "मोटर थांबायला आलीय!"

दादा बाजूला झाला. मी चाक फिरवलं. अंगठ्याएवढी धार आली, मग तिची सुतळी झाली, मग तोंडाशी एक पिवळा गोळा आला आणि तिथेच अडकला. वर मोटर घरघरली. वहिनीने बटण बंद केलं. ती खाली आली नाही.

"अजून उघड," दादा म्हणाला. "थोडं अजून उघड ना."

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. ते त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. चाक जागचं हलत नव्हतं, तरी मी दोन्ही हातांनी जोर लावत राहिले.