ब्रेकवरचा फवारा

जीजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि घराला धडकी भरली. आधी अर्धं दिसत होतं तेव्हाच ती धड कुणाला सुखाने बसू देत नव्हती. आता तर पंख्याच्या पात्यावरची धूळही बिछान्यावरून दिसायची. दिसली की बोलायची. बोलली की समोरच्याला शेवटपर्यंत ऐकून घ्यावंच लागायचं.

पण एक गोष्ट तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. दीड महिना तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घातले ते सुनेने. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून, दुपारच्या सुट्टीत धापा टाकत घरी येऊन. पोटची लेक फोनवरून "आई, जप हं" म्हणायची, तेवढ्याने काही डोळा बरा होत नाही. सून मात्र पापणी वर करायची, एक थेंब सोडायची आणि म्हणायची, "मिटा आता. चोळू नका."

सुनेचे आभार मानायचे म्हणजे जीजीच्या घशात हाडूक अडकायचं. दोनदा तिने प्रयत्न केला. एकदा "अगं" म्हणाली आणि पुढे "भांड्याला साबण राहिलाय" असंच बाहेर पडलं. दुसऱ्यांदा तर नुसता खोकलाच आला. शेवटी तिने ठरवलं, तोंड ऐकत नाही तर हाताने करावं.

हाताशी फवाऱ्याचा डबा होता. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मिस्त्रीने तो दिला होता, कपाटाचं कुलूप गंजून बसलं तेव्हा. लांबट डबा, वर लाल नळी. एकदा फुस्स केलं की कुलूप लोण्यासारखं फिरलं. जीजी त्या डब्यावर फिदाच झाली. दाराच्या बिजागऱ्या, कात्री, नळाची चावी, सगळ्यांना फुस्स. बरण्यांवरचा चिकट गोंद गेला, नातीने फरशीवर ओढलेल्या खडूच्या रेघा गेल्या. मुलगा म्हणायचा, "आई, तेवढा जिभेला लावू नकोस हं. आधीच फार सुरळीत चालते." डब्यावर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. दुसरीत शाळा सुटलेली जीजी बारीक अक्षरांच्या वाटेला कधी गेली नव्हती. कुरकुरतंय ना? मग मारा फवारा. एवढंच तिचं शास्त्र.

आणि सुनेची स्कूटर रोज सकाळी कुरकुरायची. ब्रेक दाबला की असा चिरका आवाज, की शेजारच्यांचा चहा सांडावा. सून म्हणायची, "रविवारी मिस्त्रीकडे टाकते." पण रविवार आला की घरातलीच कामं तिला पुरायची.

म्हणून त्या दिवशी सकाळी, सून डबे भरत असताना, जीजी जुनं धोतर फाडून अंगणात बसली. मडगार्डवर डांबराचे काळे ठिपके होते. फवारा मारला, पुसले, निघाले. आरसे पुसले, स्टँड मोकळा केला. मग पुढच्या चाकाची ती भोकाभोकांची चकती तिला दिसली. आवाज इथूनच येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नळी नेमकी आत घालून तिने चकतीला दोन्ही बाजूंनी सढळ हाताने न्हाऊ घातलं. चाक हाताने फिरवून ब्रेक दाबून पाहिला. आवाज नाही! इतकं समाधान तिला डोळ्यांची पट्टी निघाली तेव्हाही झालं नव्हतं.

मिरवल्याशिवाय राहवेना. सून नातीला शाळेत सोडायला बाहेर पडायच्या आत जीजी गॅरेजवर पोहोचली.

"काय मिस्त्री, गिऱ्हाईक गेलं तुझं! सुनेच्या ब्रेकची बोंब बंद केली मी. तुझ्याच डब्याने."

मिस्त्री टायरला हवा भरत होता. त्याचा हात थांबला. "ब्रेकवर मारलं? चकतीवर?"

"मग काय सीटवर मारू?"

"जीजी, ते तेल आहे! ब्रेक घासून गाडी थांबते. तेल लागलं की घसरणार, थांबणार नाही. मागचा तर आधीच नावाला आहे. कुठाय ती?"

गॅरेजपासून पन्नास पावलांवर रस्ता उतरायला लागायचा, आणि उतार थेट ट्रकच्या रस्त्याला मिळायचा. त्याच वेळी घराच्या फाटकातून स्कूटर बाहेर आली. पुढे सून, मागे दप्तर लावलेली नात.

जीजी चपला टाकून धावली. "अगं ए! थांब! ए, थांब म्हणते ना!"

नातीने आईच्या खांद्यावरून पाहिलं आणि तिच्या पाठीला बिलगली. "आई, पळ! आजीला पुन्हा काहीतरी दिसलंय!"

सुनेने हँडल पिळलं. दहा वर्षं त्या "अगं ए"मागून काय येतं ते ती ऐकत आली होती. आज कामाला उशीर झाला होता. स्कूटर जीजीच्या पुढून सुळकन निघून गेली.

 आपल्याच जिभेने आपला रस्ता अडवलाय, हे जीजीला पळतापळता कळलं. आणि जो शब्द तिने आजवर फक्त लेकीसाठी ठेवला होता, तो तोंडातून निघाला.

"पोरी! माझ्या पोरी, थांब गं!"

सुनेने चमकून ब्रेक दाबला. स्कूटर थांबेना. तिने दोन्ही पाय खाली सोडले, चपला खरवडत गेल्या, आणि उताराच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला टाकलेल्या वाळूच्या ढिगात चाक रुतलं. नातीच्या डब्यातली काकडी तेवढी रस्त्यावर गेली.

मिस्त्री आधी पोहोचला. मागून जीजी, एका हाताने छाती धरून.

"आई, ब्रेक लागलाच नाही," सून म्हणाली.

"मी मारलं तेल," जीजी म्हणाली. "आवाज घालवायला. स्कूटर पुसली, म्हटलं तेही करावं."

"तुम्ही? स्कूटर पुसायला का गेलात तुम्ही?"

जीजीने मिस्त्रीकडे पाहिलं. तो गुपचूप खाली बसून चाकात डोकावू लागला.

"दीड महिना थेंब घातलेस," जीजी म्हणाली. "दिसायला लागलं ते तुझ्यामुळे. तोंडातून निघेना, म्हणून हाताने करायला गेले. उपकार झाले गं तुझे, पोरी. आणि मी बघ ते कसे फेडायला निघाले होते."

 सुनेने खाली वाकून जीजीच्या अनवाणी तळव्यात रुतलेला खडा काढला आणि तिला तसंच धरून ठेवलं.

"ब्रेकचे हे पॅड तेल प्यायलेत," मिस्त्री खालूनच म्हणाला. "नवे घालतो. चकती धुऊन देतो. दुपारपर्यंत गाडीला हात लावू नका. आणि जीजी, तुमचं पळणं पाहिलं. डोळे नवे आलेत की गुडघे?"

"तू चाकात बघ. माझ्या गुडघ्यांत नको," जीजी म्हणाली. मग जरा थांबून, "बरं झालं रे, तुझ्याकडे फुशारकी मारायला आले."

तिघी चालत शाळेला निघाल्या. मुलं आत गेली होती. फाटकावर बाई उभ्या होत्या, हातात उशिरा येणाऱ्यांची वही. सून पुढे होऊन काही सांगणार, तोच जीजीने हात धरून तिला मागे सारलं.

"उशीर माझ्यामुळे झाला. ब्रेकवर तेल मारलं मी. लिहा तसंच."

बाई गोंधळल्या. "असं कसं लिहू, आजी?"

"मला विचारता? मी दुसरीपर्यंत शिकलेय, तुम्ही तर शाळेत शिकवता. लिहा. आणि खाली लिहा, सुनेने वाचवलं."

"मी नाही, आई. तुम्ही हाक मारलीत म्हणून," सून म्हणाली.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," जीजी म्हणाली, आणि सुनेचा हात सोडला नाही.