भांगाचा दिवस

आमच्या घरात ‘भरती’ म्हटलं की चंदनदादा. अंधारात उठून जाम गावाच्या रस्त्यानं धावणारा, भिजवलेले चणे कोणी खाल्ले म्हणून भांडणारा, पोलीस भरतीची तयारी करणारा माझा मोठा भाऊ. आमच्या गावात असे भरतीवाले गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे शोभामावशींनी फोनवर विचारलं, “भरती बघितलीत का?” तेव्हा मी जराही न अडखळता उत्तर दिलं.

“हो मावशी, बघितली ना! पण आमच्यातल्या कोणाचं जमत नाही. मी लहान, डोमाजीकाका म्हातारे. धनंजयदादाचं वय बसते, पण त्याची छाती भरत नाही.”

तिकडे मागे लाटांचा आवाज.

“कसली छाती?” मावशींनी विचारलं.

“भरतीची.”

“पोरी, मी समुद्राच्या भरतीचं विचारते.”

फोन स्पीकरवर होता. धनंजयदादाच्या टायरच्या दुकानात आम्ही चौघं बसलो होतो आणि बाहेर हायवेवरून ट्रक धडधडत चालले होते. मी काही सावरून बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, “ज्यांना भरती म्हणजे पोलिसांची वाटते, त्यांना मी पाण्यात उतरवत नाय. ठेव फोन, बाय.”

आणि त्यांनीच ठेवला.

“माही छाती भरते,” धनंजयदादा म्हणाला. “मुद्दाम सांगून ठेवतो.”

कोणी हसलं नाही. कारण शोभामावशी नाही, तर समुद्र नाही.

आम्ही म्हणजे कोण ते सांगते. जया मॅडम आमच्या शाळेत पीटी शिकवतात. नागपूरच्या एका क्लबनं जुन्या झाल्या म्हणून काढून टाकलेल्या दोन कयाक त्यांनी गावामागच्या धरणावर आणल्या. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांबुळकी होडी, एकामागे एक दोघं बसतात आणि दोन्ही बाजूंनी वल्हं मारतात. त्यातली नारिंगी गळकी होती. तिला धनंजयदादानं ट्रकच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आणि बदल्यात त्यात बसायची जागा मागितली. चौथे डोमाजीकाका. त्यांचा जन्म धरणातली मासोळी धरण्यात गेला. पहिल्या दिवशी कयाक पाहून ते म्हणाले होते, “हे काय टोपलं आणलं वो मॅडम?” दुसऱ्या दिवशी तेच टोपलं घेऊन ते पार पलीकडच्या काठाला जाऊन आले आणि तेव्हापासून उतरायचं नावच घेत नाहीत.

आणि मी काजल. सातवीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ इतकं हळू म्हणायची, की सर मला गैरहजर लावून मोकळे व्हायचे. पण कयाकमध्ये पुढं बसणाऱ्यानं ताल द्यायचा असतो. “हो... एक! हो... एक!” असं ओरडायचं, म्हणजे दोन्ही वल्ही बरोबर पडतात. पहिल्यांदा मी ओरडले तेव्हा पलीकडच्या टेकडीवरून माझाच आवाज परत आला. इतका मोठा! काठावरचे बगळे उडाले. मी मागे वळून पाहिलं, की कोण ओरडलं म्हणून. तेव्हापासून माझं तोंड बंद झालेलं नाही, असं आई म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात जया मॅडम दापोलीकडे शिबिराला गेल्या आणि तिथल्या किनाऱ्यावरून त्यांना एक बेट दिसलं. कासवबेट. काठावरून नीट दिसतं, कासवासारखी पाठ वर काढून बसलेलं. आपण आपल्या कयाक घेऊन तिथपर्यंत जायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं. पण एका अटीवर. तिथं मासेमारी करणाऱ्या शोभामावशींची मशीनची होडी आपल्या सोबत पाहिजे. ती नाही, तर आपण नाही. माझ्या आईची अट तर त्याहून कडक होती. “ती बाई माह्याशी बोलंन, मंगच पाठवीन.”

मी सगळ्यात जास्त बोलते म्हणून फोन करायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी पहिल्याच फोनला सगळ्यांचा समुद्र बुडवला.

“भरती-ओहोटीच्या धड्यावर तुला पैकीच्या पैकी होते ना गं?” जया मॅडम म्हणाल्या.

होते ना! आकृतीसकट. चंद्र कुठं, पृथ्वी कुठं, बाण दाखवून. पण तो चंद्र पुस्तकातला होता. त्याची आणि फोनवरच्या भरतीची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नव्हती.

डोमाजीकाकांनी तंबाखू मळता मळता विचारलं, “काजल, हे भरती म्हंजे पाणी चढते अन् उतरते, असंच ना?”

“हो काका. दिवसातून दोनदा.”

“दोनदा?” त्यांचा हात थांबला. “आपल्या धरणाचं वर्सातून एकदा चढते, एकदा उतरते. तेथं दिवसातून दोनदा कोन सोडून राह्यलं एवढं पाणी? गेटवर कोन बसला हाय?”

“चंद्र.”

“आन् त्याले कोनं सांगतलं?”

आता मात्र सगळे हसले. धनंजयदादा तर टायरवरून घसरला. हसता हसता मला वाटलं, चुकलं ते चुकलं, पण विचारायला काय हरकत आहे? डोमाजीकाका बघा कसे विचारतात, न लाजता. मी पुन्हा फोन लावला.

“मावशी, ठेवू नका! मला फक्त एवढं सांगा, की भरती कशी पाहायची. मी शिकते.”

“कधी यायचं ठरवलंत तुम्ही?” मावशींचा आवाज अजून खडखडीतच होता.

“कार्तिक पौर्णिमेला. दिवाळीची सुट्टी पण असते आणि त्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी आहे. शिवाय पौर्णिमा म्हणजे किती छान दिसेल—”

“पौर्णिमेला? उधाणाला? अगो बाय, त्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त ओढतं. तुमची ती प्लास्टिकची टोपली कुठच्या कुठं जाईल.”

“टोपलं! पाहा, मी म्हनलं होतं,” डोमाजीकाका खूश होऊन म्हणाले.

“मग कधी येऊ मावशी?”

“भांगाला या.”

मी फोनकडे पाहिलं. मग जया मॅडमकडे पाहिलं. शेवटी मीच बोलले. मोठ्यानं आणि स्वच्छ.

“मावशी, मी शाळेत जाते. आमच्यात भांग कोणीच पीत नाही. डोमाजीकाका तंबाखू खातात, तेवढंच.”

पलीकडे आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मावशी हसल्या. असं हसणं मी फोनवर कधी ऐकलं नाही. एक लाट यावी, फुटावी आणि मागून दुसरी यावी, तसं. कोणाला तरी हाका मारून त्या सांगत होत्या, “अगो ऐकलंस का? वर्ध्याची पोरगी म्हणते, भांग पीत नाय!” मग तिकडे अजून दोघीतिघी हसल्या. इकडे मॅडमनी पदर तोंडाला लावला.

“अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, कमी उतरतं,” दम घेत मावशी म्हणाल्या. “त्याला आम्ही भांग म्हणतो. समुद्र तेव्हा जरा शांत असतो. कळलं? आता ऐक. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं. तिथून सहा तास उतरतं, मग पुन्हा चढतं. निघायचं कधी आणि परतायचं कधी, ते तू मला सांगायचं. मी नाय सांगणार. बरोबर सांगितलंस तर माझी होडी येईल. चुकलीस तर तुमचं धरण आहेच.”

त्या संध्याकाळी मी घरी गणित मांडलं. कार्तिक शुद्ध अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला पाणी पूर्ण भरणार. सोपं! मी उडीच मारली. पण निघायचं कधी? भरलेल्या पाण्यात, की उतरत्या? मी ताटात पाणी घेतलं, एका काठाला शेंगदाण्याची टरफलं सोडली आणि ताट तिरपं केलं. टरफलं पाण्याबरोबर दुसऱ्या काठाला गेली. उलटं तिरपं केलं, परत आली.

“काय करून राह्यली वं तू?” आई लसूण सोलत होती. “ताटात कायले खेळतं?”

“समुद्र आहे हा, आई.”

“समुद्र असू दे. खाली सांडला तं पुसजो.”

पाणी उतरताना बेटाकडे ओढणार, चढताना काठाकडे आणणार. म्हणजे सहानंतर निघायचं आणि बारानंतर परतायचं! जाताना पाणी आपलं, येतानाही पाणी आपलं. इतकं भारी वाटलं, की मी स्वयंपाकघरातच “हो... एक!” ओरडले आणि आईच्या मांडीवरचा लसूण खाली गेला.

तेवढ्यात चंदनदादा मैदानावरून आला. घामानं चिंब आणि तोंड पाडून.

“काय झालं रे?” आईनं विचारलं.

“सरावाच्या दौडीत बाद झालो. शिट्टीच्या आधीच पाय टाकला.”

“एवढ्यानं बाद?” मी म्हटलं. “थोडासाच तर टाकला असेल.”

“शिट्टीच्या आधी म्हंजे आधी. कितीबी जोरात पळत असशील, बाद म्हंजे बाद.” तो चण्याची वाटी घेऊन बसला. “तयारी कायले कामाची मंग?”

मी मावशींना फोन लावला. आई हात पुसत जवळ येऊन उभी राहिली. मी सगळं एका दमात सांगितलं. अष्टमी, सहाची भरती, उतरत्या पाण्यावर जाणं, चढत्या पाण्यावर येणं. टरफलांचंसुद्धा सांगितलं.

“गणित बरोबर आहे,” मावशी म्हणाल्या.

मी आईला डोळ्यांनीच खुणावलं, बघ!

“पण थांब. तुम्ही एवढ्या लांबून आलात. कपडे चढवलेत, होड्या पाण्याला लावल्यात, गणित बरोबर, पाणी बरोबर. आणि बेटाच्या बाजूनं वारा सुटला. तुझी मॅडम म्हणते जाऊ या, तो छातीवाला म्हणतो जाऊ या. तू पुढं बसणार. तू काय करशील?”

आता खरं सांगते, मला ‘जाऊ’ म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. किती महिने आम्ही धरणावर वल्हं मारतोय, माझ्या हातांना घट्टे पडलेत, आणि बेट समोर दिसत असताना काठावर बसायचं? मला तर ते नुसतं ऐकूनच रडू येत होतं. पण समोर दादा बसला होता. एकेक चणा तोंडात टाकत, एका पावलासाठी बाद झालेला.

“मावशी,” मी म्हणाले, “आमच्याकडच्या भरतीत शिट्टीच्या आधी पाय टाकला की बाद, आजच माझा दादा झाला. कितीही चांगलं पळत असला तरी. तुमच्या भरतीतही शिट्टी तुमच्याकडे राहू द्या. तुम्ही वाजवली नाही, तर मी वल्हं पाण्यात घालणार नाही. काठावर बसू, बेटाकडे बघत भाकरी खाऊ आणि परत येऊ. पुढच्या भांगाला पुन्हा येऊ.”

“आणि बाकीच्यांनी ऐकलं नाय तर?”

“ताल मी देते, मावशी. मी ओरडलेच नाही, तर होडी सरळ जातच नाही.”



“ये बाय,” मावशी म्हणाल्या. “माझी होडी आहे तुमच्या मागं. आणि त्या भरतीवाल्याला पण आण, शिट्टी देते त्याच्या हातात. आता तुझ्या आईला दे फोन.”

दादानं चण्याची वाटी खाली ठेवली. “मले? मले तं पोहताबी येत नाई!”

“तू होडीत बसजो,” मी म्हटलं. “नुसता फुंकजो.”

आईनं फोन घेतला. पुढचं अर्धं बोलणं दोघींनाही एकमेकींचं कळलं नसावं. आई म्हणत होती, “जवारीची भाकर पाठवतो, ठेचा देतो,” आणि तिकडून बांगड्यांचं काहीतरी चाललं होतं. आईला वाटलं हातातल्या. तिनं सांगून टाकलं, “नोको वो बाई, काजल बांगड्या घालत नाई.” पुन्हा तेच लाटेसारखं हसणं. मासळीचं नाव आहे हे कळल्यावर आई इतकी हसली, की तिलाच भिंतीला टेकावं लागलं. शेवटी तिनं विचारलं, “माह्या पोरीले सांभाळान ना?” पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण आईनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, “हो. तिची शिट्टी तुमच्यापाशी.”

तिनं फोन मला दिला आणि तशीच अंगणात गेली. शेजारच्या सुलोचनाबाई कुंपणापाशी वाळवण गोळा करत होत्या. आईला सांगितल्याशिवाय राहवणार नाही, हे मला माहीतच होतं. तिचा आवाज पार घरात आला. मला वाटतं, माझा आवाज तिच्याकडूनच आला असावा.

“सुलोचनाबाई, आयकलं का? माही काजल दिवाळीत कोकणात चालली. भांगाले!”

कुंपणापलीकडे सूप पडल्याचा आवाज आला.

“अवं माय! भांगाले? पोरीच्या जातीले? अन् तू हासून राह्यली?”

“मंग! मास्तरीनबाई बी चालल्या,” आई म्हणाली. “अन् डोमाजी बी.”