माझ्या वजनाइतकं पाणी

मित्रांनो, पट्ट्याचा रंग उडालेला, डाव्या कोपऱ्याला पोचा पडलेला आणि भिंगाच्या कडेला कायमची लाल धूळ बसलेला एक म्हातारा कॅमेरा आज तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते ॲरिझोनातल्या कोरड्या, खोल दऱ्यांत, रूफसच्या गळ्यात. रूफस सुतार होता. लॉर्ना आणि बेटिना या शाळेपासूनच्या मैत्रिणींबरोबर तो दर वसंतात पाठीवर बिऱ्हाड बांधून एखादी दरी उतरायचा. मी टिपलेले लाल कडे पाहून लोक तोंडात बोटं घालत. कौतुक रूफसचं व्हायचं, फुगायचो मात्र मी. खोटं कशाला बोलू?

या तिघांचे दोन नियम होते. निघण्याच्या आदल्या दिवशी रूफसच्या गॅरेजमध्ये ताणकाटा टांगून प्रत्येकाच्या सॅकचं वजन करायचं. ठरल्यापेक्षा जड भरली, की काहीतरी बाहेर काढायचंच. बेटिनाने तर वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने कापली होती. दुसरा नियम पाण्याचा. उतरताना अर्ध्या वाटेवरच्या कपारीत भरलेली मोठी बाटली लपवायची, म्हणजे परतीच्या चढाला ती हाताशी असते. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी ती वाहायची पाळी रूफसची होती, आणि नेमकी त्याचीच सॅक जड भरली.

"काढ ते डबडं बाहेर," लॉर्ना म्हणाली.

"डबडं? याच्यामुळे तर जगात तुझा एक तरी बरा फोटो आहे!"

"मग त्यालाच ने की. मला कशाला नेतोस?"

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना रूफसने सॅकमधून हळूच काहीतरी काढून सीटखाली सरकवलं. माझ्या तोंडावर झाकण होतं, त्यामुळे काय ते दिसलं नाही. पण मी अजून सॅकमध्येच आहे एवढं कळलं, आणि मला केवढा आनंद झाला!

कपारीपाशी रूफस एकटाच पुढे गेला.

"ठेवलंस का रे पाणी?" बेटिनाने मागून विचारलं.

"ठेवलं, ठेवलं!"

शेजारच्या खडकात पावसाच्या पाण्याने भरलेला खळगा होता. निळं आभाळ त्यात उतरलं होतं. रूफसने मला बाहेर काढून त्याचा फोटो घेतला आणि समाधानाने शीळ घातली.

खाली ओढ्याकाठी दिवस मजेत गेले. परतीला मात्र ऊन असं तापलं, की दगडाला हात लावला तरी चटका बसे. कपारीशी पोचेपर्यंत जवळचं पाणी जवळजवळ संपलं होतं. लॉर्ना लाल कड्याला टेकून उभी राहिली.

"वा! तशीच थांब," रूफस म्हणाला. "हस ना गं, काय सुतकी चेहरा!"

ती हसली नाही. त्याने माझं बटण दाबलं आणि फोटो कसा आला ते बघायला पडद्यावर तिचा चेहरा मोठा केला. तेव्हा आम्हा दोघांना एकदमच दिसलं. ओठ चिरलेले होते, गालावर घामाचं मीठ सुकलं होतं आणि डोळे कुणालाच ओळखत नव्हते. रूफसने मला गळ्यातून काढून खाली ठेवलं.

"बाटली काढ लवकर!" बेटिना ओरडली.

तो खळग्याकडे धावला. खळग्यात तडकलेला चिखल होता.

"रूफस, बाटली कुठंय?"

"गाडीत," तो कसाबसा म्हणाला. "वजन बसत नव्हतं. मला वाटलं, खळगा भरलेलाच राहील..."

बेटिनाने माझा पट्टा धरून मला उचललं. हातात तोलून पाहिलं.

"म्हणजे तिचं पाणी काढलंस, आणि हे आणलंस?"

मित्रांनो, माझ्यावर जणू कडा कोसळला. ज्या निवडीवर मी खूश झालो होतो, ती ही होती! मी तिच्या पाण्याच्या जागेवर बसून आलो होतो.

बेटिनाने मला दगडावर टाकलं. पोचा तेव्हाचा आहे. लॉर्नाला सावलीत निजवून तिने आपला उरलेला घोट तिच्या ओठांना लावला. रूफस सॅक तिथेच टाकून कडा चढत सुटला.

"आई, दिवा मालव ना," लॉर्ना बेटिनाला म्हणाली. "डोळ्यांवर येतोय."

तो कड्याआडून सरकत आलेला सूर्य होता. बेटिना तोंड फिरवून रडली, आणि मी, ज्याने आयुष्यभर फक्त पाहिलं, पहिल्यांदाच झाकण मागत होतो.

सावल्या लांबल्या तेव्हा रूफस आला, दोन्ही गुडघे फुटलेले, बाटली छातीशी धरलेली. घोट घोट पाणी पोटात गेलं आणि बऱ्याच वेळाने लॉर्नाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"फोटो बरा आलाय का रे, गाढवा?"

तो ओक्साबोक्शी रडला.

तो फोटो आज गॅरेजमध्ये ताणकाट्याशेजारी लावलेला आहे. दर वसंतात काट्याला सगळ्यात आधी पाण्याची बाटली टांगतात. जागा उरली तर मी जातो, नाहीतर फळीवर राहतो. आणि खरं सांगतो, मी रुसत नाही.

म्हणून मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. एवढंच करा. समोरच्याला "हस" म्हणण्याआधी एकदा मला खाली ठेवा, आणि त्याच्या तोंडाकडे तुमच्या डोळ्यांनी बघा.