मंदाचा ओ

माझ्या बायकोला, मंदाला, बहिरी म्हटलेलं खपत नाही. बहिरी नाही, कमी ऐकू येतं, असं तिचं म्हणणं. बरं बाई, कमी तर कमी. पण तिच्या त्या कमी आणि जास्तीच्या मधे हरभऱ्याच्या डाळीएवढा एक सेल असतो. त्या सेलापायी गेल्या चैत्रात मी जे भ्यालो, तसा आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

कानाचं मशीन जळगावहून आणलं. पहिल्या दिवशी बाई घरभर हिंडून भांडी वाजवत होती. "अहो, फोडणीचा आवाज एवढा मोठा असतो?" म्हणाली, आणि हसता हसता रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण चार दिवसांत सेलाचं लचांड सुरू झालं. सेल संपायला आला की मशीन कानात टुंग टुंग करतं आणि थोड्याच वेळात मुकं होतं. मग जिथं असाल तिथं सेल बदला. सेलाच्या पाठीवर एक नारिंगी कागद चिकटवलेला असतो, तो सोलायचा. कापूस वेचून आणि केळीचा चीक लागून मंदाची बोटं राठ झालेली, तिला तो कागद सुटेना. सोलता सोलता सेल खाली पडायचा, आणि मग मी या वयात कोंबडीसारखा अंगण टिपत बसायचो.

होळीला आमची रोहिणी धुळ्याहून माहेरी आली. मुलगी मायाळू. आईचे हाल तिला बघवेनात. जाण्याआधी तिनं बसून सगळ्या पाकिटांतले सगळे सेल सोलले आणि एका डबीत भरून ठेवले. "आई, आता फक्त घालायचे, सोलायची कटकट नाही." आम्हीसुद्धा म्हटलं, वा! पोरगी हुशार निघाली.

ती गेल्यावर सेल लवकर लवकर मरायला लागले. आठवडाभर जाणारा सेल तीन दिवसांत गार, मग दीड दिवसात, मग सकाळी घातलेला चहाच्या वेळेला खलास. मी जळगावच्या दुकानात फोन करून त्या बाईंना नाही नाही ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, पाठीवरचे कागद कुणी काढून ठेवले नाहीत ना?" कागद निघाला की सेलाला हवा लागते आणि हवा लागली की तो चालू होतो म्हणे. मग मशीनमधे असो नाहीतर डबीत, त्याचं आयुष्य संपत जातं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! रोहिणी फोनवर रडायला लागली. मंदा मलाच ओरडली, "तिला का सांगितलंत? होती नव्हती ती बठ्ठी गंमत घालवली पोरीची." आमच्या चोपडा गावच्या बाजारात त्या मापाचे सेल मिळेनात. शेजारच्या शेतातला सुकलाल सोमवारी जळगावला जाणार होता, तो आणतो म्हणाला. तोवर त्या डबीतल्या मरतुकड्या सेलांवर भागवायचं होतं.

आणि नेमका त्याच दिवसांत शिवारात बिबट्या आला. आम्ही आपला वाघच म्हणतो. सुकलालची शेळी गेली. ठिबकच्या ओल्या मातीत आम्ही सगळ्यांनी पावलं पाहिली. फॉरेस्टवाल्यांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून सांगितलं, उन्हाळ्यात केळीत गारवा असतो, जनावर तिथंच बसतं. एकट्यानं शिरू नका. बोलत राहा, हाका मारत राहा. आता वाढलेल्या केळीत दोन ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही, हे ज्यानं केळी केली त्याला सांगायला नको. तेव्हापासून जो तो जोडीनं जायचा. एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायचा. आमच्या शिवारात तेव्हा केळीपेक्षा हाकाच जास्त पिकत होत्या.

आमचं कामही हाकेवरच चालतं. मंदा मोटरच्या खोलीपाशी व्हॉल्व्हजवळ बसते आणि मी आत ठिबकच्या नळ्या बघत फिरतो. खारी नळ्या कुरतडून ठेवतात. मी "बंद कर" म्हटलं की ती पाणी बंद करते, "सोड" म्हटलं की सोडते. त्या आठवड्यात मोटरची लाईट दिवसाच यायची. ऊन असं की एक दिवस पाणी चुकलं असतं तर घड काळे पडले असते. म्हणून गेलो. निघताना तिनं सेल घातला. मी विचारलं, "येतं का ऐकू?"

"तुमचं ओरडणं मशीन काढूनसुद्धा ऐकू येतं," ती म्हणाली.

मी आत शिरलो. हाक मारत, ओ घेत बागेच्या पार टोकाला, नाल्याच्या अंगाला गेलो. तिथं एक नळी फाटली होती आणि पाण्याची चिळकांडी उडत होती.

"मंदे, बंद कर!"

"ओ!" तिकडून खणखणीत ओ आला.

मी जोड हातात घेऊन उभा राहिलो. पाणी काही थांबेना.

"अगं, बंद कर की!"

"ओ!"

"ओ काय, ओ? हात चालव!"

"ओ!"

माझा पारा चढला. म्हटलं, मिसरी लावत बसली असणार. नळी दुमडून धरायला मी खाली वाकलो, आणि वाकल्यावर पानांच्या खालून पलीकडचं दिसलं. वाळलेल्या पानांच्या ढिगावर दोन पिलं पडली होती. आधी वाटलं, मांजराची. पण मांजराच्या अंगावर असले ठिपके नसतात. एका पिलानं तोंड वर करून बारीक आवाज काढला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पिलं इथं आहेत म्हणजे आई लांब नाही.

मी पाठमोरा न होता मागं मागं सरकलो. मागं पील, म्हणजे केळीच्या बुडाचा कोंब, काढलेला खड्डा होता, पाणी भरलेला. त्यात पाय गेला, घोटा मुरगळला आणि मी चिखलात बसलो. उठायला गेलो तर पाय टेकवेना. फोन राहिला होता मोटरच्या खोलीत, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत.

जीव खाऊन ओरडलो. "मंदे! इकडे येऊ नको! वाघाची पिलं आहेत! सुकलालला फोन कर, माणसं घेऊन ये म्हणावं!"

"ओ!"

काय सांगू तुम्हाला, त्या एका ओ नं केवढा धीर आला! म्हटलं, चला, कळलं तिला. आता फोन करेल, सुकलाल येईल, पोरं फटाके घेऊन येतील. आपण फक्त गप्प बसून राहायचं. मी खुरपं हातात धरून बसलो. डोळे पिलांवरून हटत नव्हते. पान हललं तरी छातीत धस्स व्हायचं.

कोणी येईना. बुडाखाली गार लागलं म्हणून बघितलं, तर पाणी माझ्यापर्यंत आलं होतं. पाणी चालूच होतं. मी बंद कर म्हणून कधीचा ओरडलो होतो, आणि ती ओ म्हणाली होती, आणि पाणी चालूच होतं.

मला एकदम दरदरून घाम फुटला.

"मंदे, तुला ऐकू येतंय का?"

"ओ!"

"येत नसेल तर गप्प राहा."

"ओ!"

मग मीच गप्प राहिलो. तोंडातून अक्षर काढलं नाही. केळीत सगळं शांत होतं, फक्त पाण्याची चिरचिर. आणि त्या शांततेत तिकडून आवाज आला, "ओ!" कोणी हाक मारली नव्हती. थोडं थांबून पुन्हा, "ओ!" माझ्या अंगावर सरसरून काटा आला. जनावरानंसुद्धा मला तेवढं घाबरवलं नव्हतं. मी इतका वेळ ज्याच्या भरवशावर बसलो होतो, ते उत्तर नव्हतंच. कोणाला फोन गेला नव्हता. कोणी येणार नव्हतं.

आणि मग त्याहून वाईट विचार आला. सूर्य डोक्यावर आला होता. या वेळेला मी बाहेर गेलो नाही तर मंदा भाकरी घेऊन आत येते, आणि येते ती नाल्याच्या बांधावरून, कारण तिथं पायाखाली मोकळं आहे. तो बांध पिलांच्या अगदी कडेनं जातो. वाघीण गुरगुरली तर धड कानाचा माणूस जागीच थबकतो. मंदाला कोण थांबवणार? ती सरळ चालत येईल, पदर सावरत, मला शिव्या देत, त्या पिलांच्या अंगावर.

देवा, म्हटलं, मला खा. मी कधी देवाला फार त्रास देत नाही, पण त्या दिवशी नावं घेऊन घेऊन बोलावलं. नळीला धरून, गुडघ्यांवर, मी मंदाच्या दिशेनं सरकायला लागलो. तिच्या आधी त्या बांधावर पोचलो तर ती मला बघेल आणि थांबेल, एवढंच डोक्यात होतं.

"ओ!"

आवाज जवळून आला. मी थिजलो.

"ओ!" आणखी जवळून. ती निघाली होती. बांधावरूनच येत होती.

तेवढ्यात माझ्या समोरची पानं बाजूला झाली आणि वाघीण उभी राहिली. बाहेर आलेली मी पाहिलीच नाही, एकदम दिसलीच. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. कान आवाजाच्या दिशेनं वळलेले, आणि अंग खाली दबत चाललेलं. माझ्या आणि मंदाच्या बरोबर मधे होती ती.

"मंदे, मागं फिर! मागं फिर गं!" माझा घसा फाटला. वाघिणीनं गर्रकन माझ्याकडे बघितलं. दात दाखवले.

"ओ!" मंदा तिच्या मागून म्हणाली.

वाघीण पुन्हा तिकडे वळली. मी खुरपं फेकलं, चिखल फेकला, आई-बापावरून शिव्या घातल्या, बोंब मारली. माझी बोंब संपली की तिकडून ओ यायचा. इकडून माणूस, तिकडून माणूस. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा आवाजाकडे बघितलं, पिलांकडे गेली, एक पिलू तोंडात उचललं आणि नाल्यात उतरून गेली. दुसरं पिलू तिथंच राहिलं. म्हणजे ती परत येणार होती.

पानं हलली आणि मंदा बाहेर आली. हातात भाकरी नव्हती, विळा होता. तोंड पुढच्या ओ साठी उघडलेलं. तिनं मला चिखलात बसलेला बघितला आणि माझ्या तोंडावर, माझ्याकडे बघत, तिच्याही नकळत म्हणाली, "ओ."

मी बोटानं पिलू दाखवलं. तिनं विळा कमरेला खोचला. माझा हात खांद्यावर घेतला आणि उलट्या बाजूनं मला ओढत ओढत मोटरच्या खोलीपर्यंत आणलं. दार लावलं, कडी घातली, वर दाराला पाण्याचं पिंप सरकवलं. मी सुकलालला फोन केला.

फोन ठेवल्यावर भीतीचा राग झाला. तिचे दोन्ही दंड धरून मी तिच्या तोंडासमोर ओरडलो. ती ओठ बघून समजते. "सेल मेला होता ना? मग ओ कशाला देत होतीस? कशाला?"

तिनं मूठ उघडली. मुठीत डबीतले सगळे सेल होते.

"तुम्ही आत गेले आणि टुंग टुंग झालं," ती म्हणाली. "दुसरा घातला, तो आधीच मरेल. तिसरा, तो पण. डबीतले बठ्ठे मरेल निघाले. तुम्हाला सांगायला यावं तर तुम्ही कुठं आहात? हाक मारावी तर तुमचा ओ मला ऐकू येणार का? आणि मी गप्प बसले असते, तर मंदेला वाघानं नेलं म्हणत तुम्ही त्या केळीत सैरावैरा पळत सुटले असते. मी काय ओळखत नाही तुम्हाला?"

"पण मी हाक मारली नाही तेव्हासुद्धा तू ओ देत होतीस!"

तिनं माझ्या ओठांकडे बघितलं. मग पदरानं माझ्या तोंडावरचा चिखल पुसायला लागली.

"तुम्ही हाक मारताय की नाही, मला काय माहीत?" ती म्हणाली. "जिवंत आहात की नाही, ते तरी कुठं कळत होतं? ओ दिला की वाटायचं, हाक आली असेल."