भिंतीपलीकडचा आवाज

सिस्टर फोर्डाइसने धनमतीच्या मनगटाभोवती गुंडाळलेला टॉवेल कात्रीने कापला आणि रक्ताची चिळकांडी तिच्या चष्म्यावर उडाली. मनगटाच्या पुढे काही नव्हतं. चष्मा न पुसताच तिने दंडावरचा पट्टा आवळला, एक गुडघा खाटेवर टेकवला आणि अंगाचा सगळा भार त्या हातावर टाकला.

"मान बघा आधी!" दारातून येतायेताच डॉक्टर क्वामिना ओरडले.

मानेवरचा वार कानामागून खांद्यापर्यंत उतरला होता. शीर मात्र वाचली होती. कोयता नुकताच पाजळलेला असावा, जखमेच्या कडा सरळ होत्या. धनमती शुद्धीवर होती आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती.

"तो कुठाय?"

तो त्याच खोलीत, पलीकडे स्ट्रेचरवर बसला होता. या किनाऱ्यावर रुग्णालय एकच आणि अँब्युलन्सही एकच. "चार दिवस बहिणीकडे जाते," एवढंच बायको बोलली होती. तिला तोडून तिचा नवरा सीलोचन घरामागच्या शेडमध्ये गेला आणि भातशेतीच्या बांधांवर मारायचं तणनाशक बाटलीनेच प्यायला. शेजाऱ्यांनी दोघांना एकाच गाडीत घातलं होतं. त्याची जीभ हिरवी पडली होती, शर्टभर ओकारी होती आणि एक हात बेडीने स्ट्रेचरच्या दांडीला अडकवलेला होता.

"मेली नाही अजून?" त्याने पहाऱ्यावरच्या कॉन्स्टेबलला विचारलं.

थोड्या वेळाने शेजारचा एक माणूस तांदळाच्या पिशवीत बर्फ भरून धनमतीचा हात घेऊन आला. डॉक्टरांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि तोंड परत बांधलं. तो जोडणारं माणूस नदीपलीकडे, राजधानी जॉर्जटाऊनमध्येही नव्हतं.

बायकांचा वॉर्ड आणि पुरुषांचा वॉर्ड यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. वारा खेळावा म्हणून ती छतापर्यंत नेलेली नव्हती. त्यामुळे तिकडचं खोकणं इकडे ऐकू येई आणि इकडचं कण्हणं तिकडे. सुरुवातीला सीलोचन नुसता ओकत होता. मग तो उठून बसायला लागला, आणि त्याचा आवाज भिंतीवरून यायला लागला.

"धनमती! ऐकतेस ना? एक हात अजून शिल्लक आहे."

धनमतीने चादर डोक्यावर ओढली. शेजारच्या खाटेवर मिस हायसिंथ होती. घसरून पडून खुब्याचं हाड मोडलेली ही म्हातारी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती.

"अरे ए, तोंडभर फोड आलेत, तरी जिभेला हाड नाही तुझ्या!" ती ओरडली. "माझा खुबा बरा होऊ दे, मग येते तिकडे!"

वॉर्डातल्या बायका हसल्या. धनमती हसली नाही. कॉन्स्टेबल बोव्हेलने "गप रे" म्हटलं, आणि मग तो जेवायला फाटकाबाहेर गेला. सीलोचनने तेवढीच वाट पाहिली. आता तो ओरडत नव्हता, सावकाश बोलत होता.

"पोलीस काय जन्मभर बसणारेत? बरा झालो की येतो. तुझ्या बहिणीचं घर मला ठाऊक आहे. तिची पोरंही असतील ना घरात?"

सिस्टर फोर्डाइस ड्रेसिंगला आली तेव्हा धनमतीची गादी ओली होती. सिस्टरने चादर बदलली.

डॉक्टर क्वामिनांनी सीलोचनला काय ते स्पष्ट सांगितलं होतं. खाटेशेजारी स्टूल ओढून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. तो त्यांना हसला होता.

"सगळं ओकून टाकलं, डॉक्टर. पोटात थेंब नाही राहिला. मला माझं अंग कळतं."

भेटीच्या वेळेला वॉर्ड माणसांनी भरला, तेव्हा धनमती खाटेवर नव्हती. सिस्टरला ती मागच्या बाजूला, धुतलेल्या चादरी वाळत घातलेल्या दोऱ्यांमध्ये सापडली. अंगात रुग्णालयाचा झगा, पायात कुणाच्या तरी चपला. बँडेज लाल झालं होतं.

"कुठे निघालीस?"

"बोटीवर. बहिणीला आणि पोरांना घेऊन आत जंगलात जाते, खाणींकडे."

"असा हात घेऊन? सडेल तो, पोरी. तापाने मरशील."

"मरू दे. तो येणार, सिस्टर. तो बोलला की करतोच. आधी बोलला होता हात तोडीन, तोडला ना?"

सिस्टरने तिचा दंड धरला. धनमतीने हिसका दिला आणि दुखऱ्या हातानेच तिच्या छातीवर धक्का मारला. दोघी चादरींत अडकून खाली पडल्या. पांढऱ्या कापडावर रक्ताचा फरांटा उठला. सिस्टरने तिला सोडलं नाही, जमिनीवर तशीच कवेत धरून ठेवली. एका रुग्णाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हे ती नव्या नर्सना रोज बजावत असे. तिने आजूबाजूला पाहिलं.

"तो येणार नाही," ती धनमतीच्या कानाशी म्हणाली.

"तुम्हाला तो माहीत नाही..."

"तो नाही माहीत. ते औषध माहीत आहे. ते पोटातून निघालं तरी फुप्फुसात जाऊन बसतं. आज तो बोलतोय, उद्याही बोलेल. मग श्वास पुरणार नाही. इतकं पिऊन आलेला एकही माणूस या वॉर्डातून घरी गेलेला मी पाहिला नाही."

धनमती हलली नाही. मग तिचं अंग थरथरायला लागलं. ती रडतेय असं सिस्टरला वाटलं, म्हणून तिने तिचा चेहरा वर केला. डोळे कोरडे होते.

"सिस्टर, काही खायला मिळेल?"

सिस्टरच्या डब्यात नारळाच्या दुधात शिजवलेला चवळीभात होता. धनमतीने तो बोटांनी निपटून खाल्ला. मग डॉक्टरांनी तिचे टाके पुन्हा घातले.

दोन दिवसांनी भिंतीवरून येणारा आवाज तुटायला लागला. "एक हात" म्हटलं की मध्ये श्वास, मग "शिल्लक आहे." मिस हायसिंथने कान टवकारले, धनमतीकडे पाहिलं आणि उलट उत्तर द्यायचं टाळलं.

सकाळची न्याहारी झाल्यावर धनमती उठली, भिंतीला वळसा घालून पुरुषांच्या वॉर्डात गेली. कॉन्स्टेबल बोव्हेल उभा राहिला.

"बाई, इथे नको."

"जाते लगेच."

सीलोचन उशांना टेकून बसला होता. ओठ निळसर झाले होते, जबड्याच्या कडेला फोड फुटून वाळले होते. तिला पाहून त्याचे डोळे चमकले.

"आलीस? दाखव... हात."

तिने बँडेज बांधलेला हात पुढे केला. त्याने मोकळा हात उगारला, घरी उगारायचा तसाच, कानापर्यंत मागे नेऊन. कॉन्स्टेबल पुढे सरकला. धनमतीची पापणीसुद्धा लवली नाही. त्याचा हात क्षणभर तिथेच राहिला आणि चादरीवर पडला.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय सांगितलं... त्यांनी तुला?"

धनमतीने टेबलावरच्या जगमधून पेल्यात पाणी ओतलं आणि पेला त्याच्या ओठांना लावला.

"हळू पी."

पाणी आत गेलं नाही. हनुवटीवरून गळ्यात उतरलं. त्याला ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावरही श्वास जागेवर येईना. त्याने तिच्या झग्याची कड मुठीत पकडली.

"खोटं बोलतायत ते."

तिने पेला खाली ठेवला.

"धनमती," तो म्हणाला. "घाबर ना मला."

तिने त्याचं एकेक बोट झग्यावरून सोडवायला सुरुवात केली. एका हाताने करायचं म्हणजे वेळ लागत होता. कॉन्स्टेबल मदतीला वाकला, तर तिने मान हलवून त्याला नको म्हटलं.