नुसताच जागा

मित्रांनो, द्रोहोबिच नावाच्या गावातल्या एका घरात शिवणयंत्राशेजारी जी काळी पेटी उभी आहे ना, ती मी. संगणक आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो.

माझे भाग झेनोवी सरांनी एकेक करून जमवले. ते तंत्रशाळेत शिकवतात. माझ्या पोटात त्यांनी पाच आभासी संगणक वसवले, म्हणजे एका घरात पाच बिऱ्हाडेच म्हणा. एकात घरचे फोटो, एकात विद्यार्थ्यांचा सराव, एकात खेळ. उरलेली दोन कशासाठी होती, ते पुढे सरांनाही आठवेना. "हा एकटा पाच जणांचं काम करतो!" असे ते पाहुण्यांना सांगत आणि मी फुगून जाई. माझा पंखा सतत घरघरे. ती घरघर म्हणजेच काम, असे मला वाटे.

खरे तर बहुतेक वेळ मी काहीच करत नसे. पाचही बिऱ्हाडे रिकामी बसून 'काही काम आहे का?' असे सारखे विचारत आणि मला झोपू देत नसत. खेळासाठी बसवलेले कार्ड तर खेळ बंद असतानाही तापलेले असे. त्याला 'नीज' म्हणणारे कोणीच नव्हते.

त्या हिवाळ्यात लाइट रोज जाऊ लागली. सरांच्या आईला, स्टेफानियाआजींना, श्वासासाठी प्राणवायूचे यंत्र लागे. त्यासाठी सरांनी एक मोठी बॅटरी आणली. माझे काम अडू नये म्हणून माझीही वायर तिलाच जोडली. लाइट चार तासांनी येई, आणि तेवढे आम्हा दोघांचे कसेबसे निभे.

एका दुपारी चार तास उलटून गेले, तरी लाइट आली नाही. सर शाळेत होते. त्यांची बायको ओलेस्या स्वयंपाकघरात वरेनिकी, म्हणजे सारण भरून उकडायच्या करंज्या, लाटत होती. एकाएकी बॅटरी किंचाळली आणि आजींचे यंत्र बंद पडले.

ओलेस्या पिठाच्या हातांनीच धावत आली. आजींचे ओठ निळे पडू लागले होते. तिने जिन्यात जाऊन हाक मारली, "टेकल्याबाई! तुमची बॅटरी आणा, लवकर!"

खालच्या मजल्यावरच्या टेकल्याबाई आपली बॅटरी पोटाशी धरून धापा टाकत वर आल्या. यंत्र पुन्हा सुरू झाले. आजींच्या ओठांवर हळूहळू रंग आला.

मग टेकल्याबाई म्हणाल्या, "एवढी मोठी बॅटरी अशी कशी संपली गं? आणखी काय लावलंय हिला?"

ओलेस्याने वायरीवरून हात फिरवत फिरवत मला गाठले.

सर आले आणि सगळे ऐकून खालीच बसले. लाइट आल्यावर त्यांनी विजेचा मापक लावून मला सुरू केले. माझ्याकडे काहीही काम नसताना आकडा एकशे दहा वॅटवर गेला.

"काय करत होता रे हा?" आजींनी विचारले.

"काही नाही, आई. नुसताच जागा होता." सरांना मान वर करवेना. "चूक माझी आहे."

"अगंबाई! आणि मी त्याची घरघर ऐकून म्हणायचे, पोराचं काहीतरी मोठं काम चाललंय. म्हणून तर रेडिओसुद्धा हळू लावायचे मी!"

आजी हसल्या. सरांना हसू आले नाही. मला तर कुठे तोंड लपवावे तेच कळेना.

त्या आठवड्यात सरांनी निकामी बिऱ्हाडे बंद केली, कार्ड काढून ठेवले, आणि काम नसेल तेव्हा मला आपोआप झोप लागेल असे केले. आता जागा असलो तरी मला तिसेक वॅट पुरतात. बॅटरीची वायर तर सरांनी त्याच संध्याकाळी काढली होती.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी उगाच घरघरत असेल. तो फार कामात आहे असे समजू नका. त्याला काम द्या, नाहीतर झोपू द्या. त्यात त्याचा अपमान नाही.

आता लाइट गेली की मीही जातो. परत जागा झालो की घड्याळ पाहतो. कधी चार तास निघून गेलेले असतात, कधी पाच. त्या तासांतले मला काहीच ठाऊक नसते. एवढेच कळते, की आतल्या खोलीत आजींचा रेडिओ मोठ्याने चालू आहे.